लहान तटस्थ देश लढणाऱ्या आघाडीला काय देऊ शकतो? वाचकांची प्रश्नोत्तरे

युद्धापासून लांब राहिलेल्या लहान देशाने लढणाऱ्या देशांच्या एखाद्या आघाडीला हात द्यायचं ठरवलं, तर त्याच्याकडे देण्यासारखं काय असतं, एवढाच या वेळचा विषय. कोल्हापूर, शिरोळ, इचलकरंजी, मिरज भागातून आलेल्या प्रश्नांतले सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उदाहरणं बहुतेक दोन महायुद्धांतली घेतली आहेत. त्या काळची कागदपत्रं खुली झालेली असल्याने कोणी काय दिलं आणि कशाच्या बदल्यात दिलं, हे नीट तपासता येतं.

प्रश्न : एका बाजूला मदत करायची आणि तरी तटस्थ म्हणवून घ्यायचं, हे कायद्यात बसतं कसं? (स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, राजारामपुरी)

१९०७ च्या हेग करारांपैकी पाचवा करार जमिनीवरच्या तटस्थतेचा आणि तेरावा समुद्रावरच्या. दोन्हींत बंदी मोजकी आहे आणि मोकळीक भरपूर. परकी फौज किंवा दारूगोळ्याचे तांडे आपल्या हद्दीतून जाऊ द्यायचे नाहीत. लढणाऱ्यांचे सैनिक हद्दीत शिरले तर त्यांना अडकवून ठेवायचं. मात्र कैदेतून पळून आलेल्या सैनिकाला मोकळं ठेवता येतं, जखमींना वाट देता येते, आणि खासगी कारखानदाराने लढणाऱ्या देशाला शस्त्रं विकली तर ती अडवण्याची सक्ती सरकारवर नाही. अट एवढीच की निर्बंध घातलेच तर दोन्ही बाजूंना सारखे घालायचे.

बंदरांचे नियम जास्त काटेकोर आहेत. देशाचा स्वतःचा वेगळा नियम नसेल तर युद्धनौकेला २४ तास, एका वेळी एका बाजूच्या तीनच नौका, इंधन तिच्या देशाच्या सर्वांत जवळच्या बंदरापर्यंत पुरेल एवढंच, आणि त्याच तटस्थ देशात पुन्हा इंधन तीन महिन्यांनंतर. समुद्रात टिकण्यापुरत्या दुरुस्तीसाठी मात्र जादा मुदत देता येते. परीक्षेत २४ तास सगळे लिहितात, हा अपवाद राहून जातो. डिसेंबर १९३९ मध्ये जर्मनांच्या ‘ग्राफ श्पे’ या युद्धनौकेला उरुग्वेने माँटेव्हिडिओत ७२ तास दिले ते याच आधारावर. मुदत संपताना कप्तानाने नौका बाहेर नेऊन स्वतःच बुडवली.

खरी मदत होते ती या नियमांचा अर्थ लावताना. आयर्लंडने उड्डाणांचे दोन प्रकार केले, लढाईवरचं आणि सरावाचं. युद्धाच्या उत्तरार्धात दोस्त राष्ट्रांचं विमान उतरलं की ते ‘सरावावर’ होतं असं मानून वैमानिकाला उत्तर आयर्लंडच्या हद्दीवर सोडून देत, जर्मन वैमानिक मात्र कराघच्या छावणीत युद्ध संपेपर्यंत बसले. आणि हे फक्त दोस्तांच्या बाजूनेच होतं असं नाही. जून १९४१ मध्ये स्वीडनने जर्मनांची अख्खी एक डिव्हिजन (हजारो सैनिकांची मोठी तुकडी) नॉर्वेतून फिनलंडला आपल्या रेल्वेने जाऊ दिली, जी पाचव्या करारात उघड बसत नव्हती. जर्मन सैनिकांची ये-जा स्वीडनने बंद केली ती ऑगस्ट १९४३ मध्ये, म्हणजे स्टालिनग्राड आणि कुर्स्क झाल्यावर. तटस्थ देशाची तारीख पाहावी, निवेदन नंतर वाचावं.

प्रश्न : स्वीडनची बेअरिंग आणि पोर्तुगालचं टंगस्टन यांच्यासाठी मोठे देश एवढे का धडपडले? इतका माल त्यांना घरी करता येत नव्हता का? (मशीन शॉपचे मालक, शिरोली)

वजनावर पाहिलं तर हा माल किरकोळच. पण तुमच्याकडे एका मापाचं बेअरिंग आलं नाही म्हणून अख्खी ऑर्डर अडकते, तसंच विमानाच्या इंजिनाचं.

बेअरिंगचं पोलाद तुमच्याकडे ईएन ३१ म्हणून येतं. कार्बन साधारण १ टक्का, क्रोमियम १ ते १.६. घटक कळले म्हणून बेअरिंग जमत नाही. पोलादात ऑक्साइडचे आणि गंधकाचे बारीक कण राहिले तर फिरत्या भाराखाली रेसच्या (गोळ्या ज्यावर फिरतात त्या कड्याच्या) पृष्ठभागाच्या किंचित आत तडा सुरू होतो, तो वर येतो आणि खड्डे पडतात. मध्य स्वीडनमध्ये कमी फॉस्फरसच्या खनिजापासून स्वच्छ पोलाद काढण्याची जुनी परंपरा होती आणि त्यावर एसकेएफ ही बेअरिंग बनवणारी कंपनी उभी राहिली. ब्रिटनमध्ये बेअरिंगचे कारखाने होते, खुद्द एसकेएफचाही ल्यूटनला होता. तुटवडा होता तो ठरावीक मापांचा, खास पोलादाचा आणि बेअरिंग घडवणाऱ्या यंत्रांचा.

माल आणायचा कसा, ही दुसरी अडचण. एप्रिल १९४० नंतर डेन्मार्क आणि नॉर्वे दोन्ही जर्मनांच्या ताब्यात, त्यामुळे स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघणारं जहाज त्यांच्या नाकासमोरूनच जाणार. जानेवारी १९४१ मध्ये अडकून पडलेली पाच नॉर्वेजियन जहाजं लांब रात्रीचा आणि खराब हवेचा फायदा घेऊन निसटली. पाचही पोचली, सुमारे २५ हजार टन माल घेऊन. पुढच्या वर्षी दहा जहाजं काढली तर दोनच ब्रिटनला लागली. जर्मनांनी जहाजांच्या मालकीचे दावे स्वीडिश कोर्टात लावून महिनेच्या महिने घालवले होते. निघायला मार्चअखेर उजाडली, रात्री लहान झाल्या आणि बाहेर जर्मन गस्तीनौका वाट पाहत होत्या. १९४३-४४ च्या हिवाळ्यात पद्धत बदलली. पाच छोट्या वेगवान मोटारबोटी, एका खेपेला साधारण ४० टन, खलाशी मुलकी आणि झेंडा व्यापारी जहाजाचा. युद्धनौका म्हणून आल्या असत्या तर स्वीडनला त्यांना २४ तासांत हुसकवावं लागलं असतं. हिवाळाभरात साडेतीनशे टनांच्या आसपास माल आला. अगदी निकडीचा माल मॉस्किटो विमानांतून स्टॉकहोमहून स्कॉटलंडला यायचा.

टंगस्टनचं काम तुम्ही रोज पाहता. लेथवरच्या कार्बाइड टिपेत तेच आहे. रणगाड्याचं चिलखत भेदणाऱ्या गोळ्याचा गाभाही त्याचाच. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केला आणि चीनकडून सायबेरियामार्गे येणारं टंगस्टन त्यांनी स्वतःच्याच हाताने बंद केलं. उरले स्पेन आणि पोर्तुगाल. मग दोस्तांनी गरजेपेक्षा जास्त खनिज विकत घ्यायला सुरुवात केली, शत्रूला मिळू नये एवढ्यासाठीच. याचे परिणाम ठरलेलेच होते. भाव काही पट चढला, शेतकरी शेत टाकून डोंगर खणायला लागले, धान्य महागलं, सीमेवरून चोरटा व्यापार वाढला. १९४२ मध्ये पोर्तुगाल सरकारने भाव आणि विक्री आपल्या हातात घेतली. दोन्ही बाजूंना विकून झाल्यावर जून १९४४ च्या सुरुवातीला पोर्तुगालचे पंतप्रधान सालाझार यांनी निर्यातच बंद केली. दोस्तांच्या दृष्टीने पोर्तुगालने दिलेला सर्वांत मोलाचा माल म्हणजे त्यानंतर जर्मनीला न मिळालेला माल. तो कुठल्याच जहाजात चढला नाही.

प्रश्न : लहान देशाने सरळ फौज का पाठवू नये? दहा-वीस हजार चांगले जवान म्हणजे थोडी मदत आहे का? (निवृत्त सुभेदार, सैनिक टाकळी)

सुभेदारसाहेब, जवान चांगला असणं आणि त्याला रणांगणावर पोसता येणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे आमच्यापेक्षा तुम्ही जास्त जाणता.

पहिल्या महायुद्धातला पोर्तुगाल पाहा. फेब्रुवारी १९१६ मध्ये ब्रिटनच्या सांगण्यावरून त्यांनी आपल्या बंदरांत अडकलेली जर्मन जहाजं ताब्यात घेतली. ९ मार्चला जर्मनीने युद्ध पुकारलं. पाणबुड्यांनी जहाजांचा दुष्काळ पाडला होता तेव्हा ही जहाजं ब्रिटनला सोन्यासारखी होती. इथपर्यंत हिशेब चोख. नंतर प्रतिष्ठेपायी पोर्तुगालने सुमारे ५५ हजारांची फौज फ्रान्सला पाठवली. आता तिला माणसं आणि रसद पोचवायला जहाजं हवीत, आणि जहाजं तर देऊन बसलेले. नव्या तुकड्या येईनात, रजा मिळेना, रजेवर गेलेले बरेच अधिकारी परतेनात. ९ एप्रिल १९१८ ला लिस नदीच्या लढाईत थकलेली, अपुऱ्या माणसांची एक डिव्हिजन तिच्या मानाने फार लांब रणरेषा सांभाळत होती. जर्मनांनी पहाटेच्या तोफमाऱ्यानंतर ती फोडली. सुमारे ७ हजार माणसं हातची गेली, त्यातले बहुतेक कैद झाले. जागा नव्ह शापेल जवळची. १९१५ मध्ये आपली हिंदी पलटणं तिथेच लढली होती, आणि हिंदी स्मारकापासून थोड्याच अंतरावर पोर्तुगीजांची दफनभूमी आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नियोजनात एका डिव्हिजनमागे दिवसाला ६०० ते ७०० टन रसद धरत. लहान देशाला ती पुरवता येत नाही, म्हणजे ती आघाडीच्याच डोक्यावर. त्यात तोफेचा व्यास, रायफलची गोळी, वायरलेसचे सेट वेगळे असले की प्रत्येक गोष्टीची दुसरी साखळी उभी करावी लागते. म्हणून लहान देशाकडून डिव्हिजन मागण्यापेक्षा सुरुंग काढणाऱ्या बोटी, बंदरातले पायलट, डोंगरात चालणाऱ्या तुकड्या, दुभाषे, शस्त्रक्रियेची पथकं मागतात. नॉर्वेचं उदाहरण याच जातीचं. १९४० मध्ये देश गेला, पण सुमारे एक हजार व्यापारी जहाजं बाहेर होती. त्यांचा कारभार लंडनमधून एकत्र चालला आणि त्यातल्या तेलवाहू जहाजांनी ब्रिटनला तगवलं. कुठल्याही फौजेने एवढं केलं नसतं.

प्रश्न : गोवा पोर्तुगीजांचा, म्हणजे तटस्थ. मग दुसऱ्या महायुद्धात मुरगाव बंदरात जहाजं जळाली ती कशी? आणि गोव्याचा कोणाला काही उपयोग झाला का? (चंदगड)

घाट उतरला की तुमच्या दारातलंच हे. युद्ध सुरू होताच जर्मनांची एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही व्यापारी जहाजं मुरगावात आसऱ्याला आली, पुढे इटलीचं आन्फोराही. व्यापारी जहाजाला २४ तासांचा नियम नाही, त्यामुळे ती वर्षानुवर्षं नांगर टाकून होती. एहरेनफेल्सवरून चोरून वायरलेस संदेश जातात आणि त्यावर पाणबुड्या हिंदी महासागरातली जहाजं टिपतात, असा ब्रिटिशांना संशय होता. सरकारी फौज पाठवली तर पोर्तुगालच्या हद्दीचा भंग. म्हणून कलकत्त्याच्या हौशी घोडदळातले वयस्क मुलकी लोक जमवले, गाळ वाहणाऱ्या जुन्या बार्जमध्ये बसवले, आणि ९ मार्च १९४३ च्या रात्री त्यांनी एहरेनफेल्सवर चढाई केली. जर्मनांनी आधीच लावून ठेवलेल्या सोयीने जहाज बुडवलं, ते पाहून बाकीच्या तिघांवरच्या खलाशांनीही आपापली जहाजं पेटवली. खलाशांनी स्वतःच हे केलं, असंच चित्र बाहेर राहिलं आणि लिस्बननेही प्रकरण ताणलं नाही. तटस्थ देशाने दुसरीकडे बघणं, हाही मदतीचा एक प्रकार आहे.

पण गोव्याचा खरा उपयोग त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झाला. स्वीडनचं ग्रिप्सहोम जहाज अमेरिकेतून जपानी नागरिकांना घेऊन आलं, जपानचं तेईया मारू आशियात अडकलेल्या अमेरिकी आणि इतर नागरिकांना घेऊन आलं, आणि मुरगावच्या धक्क्यावर दोन्हीकडच्या सुमारे दीड-दीड हजार माणसांची अदलाबदल झाली. जपानच्या छावण्यांतल्या कैद्यांसाठी औषधं आणि मदतीचा मालही याच वेळी पलीकडे गेला. अशा कामाला काय काय लागतं पाहा. दोन्ही शत्रूंनी मान्य केलेलं बंदर. मधल्या निरोपांसाठी तिसरा देश, जे काम प्रामुख्याने स्वित्झर्लंडने केलं. जहाजाच्या बाजूवर मोठ्या अक्षरांत रंगवलेली ओळख. रात्रभर पूर्ण दिवे, म्हणजे काळोखात जाणाऱ्या बाकी जहाजांच्या नेमकं उलट. आणि सर्व नौदलांना आधी कळवलेला मार्ग, दिवसागणिक ठिकाणासह. यातली एक गोष्ट चुकली की पाणबुडीचा कप्तान ओळखणार नाही. लढणाऱ्या देशाला हे काम पैसे देऊनही जमत नाही.

आणि त्याच ऑक्टोबरमध्ये, आठ तारखेला, पोर्तुगालने दुसऱ्या टोकाला ब्रिटिशांना अटलांटिकमधल्या आपल्या अझोरेस बेटांवर उतरू दिलं. टर्सेरा बेटावरच्या लाजेसच्या धावपट्टीवर छिद्रांच्या पोलादी पट्ट्या अंथरून ब्रिटिशांनी गस्ती विमानं आणली आणि अटलांटिकच्या मधला, पाणबुड्यांना मोकळा मिळणारा भाग विमानांच्या टप्प्यात आला. चर्चिल यांनी पार्लमेंटात याचा आधार म्हणून सांगितला १३७३ चा इंग्लंड-पोर्तुगाल करार. सालाझार यांनी वेळ कशी साधली पाहा. १९४१ मध्ये हेच केलं असतं तर जर्मन फौज स्पेनमधून लिस्बनला येण्याची भीती होती. १९४३ च्या ऑगस्टात करारावर सही झाली तेव्हा जर्मनांकडे त्यासाठी फौज उरली नव्हती. बदल्यात विमानं, विमानविरोधी तोफा, वसाहतींच्या सार्वभौमत्वाची हमी, आणि सुरुवातीला फक्त ब्रिटिशांनाच प्रवेश. अमेरिकनांना सांता मारिया बेटावर तळ हवा होता, तो पुढच्या वर्षी जपानच्या ताब्यातलं तिमोर परत मिळवण्याच्या बोलीवर मिळाला.

प्रश्न : हवामानाचे आकडे देणं ही युद्धातली मदत मानतात का? (भूगोलाचे शिक्षक, जयसिंगपूर)

मानतात, आणि मोठी. युरोपात हवा पश्चिमेकडून येते, म्हणून आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर दिसलेलं काही तासांनी इंग्लिश खाडीवर दिसणार. तटस्थ आयर्लंड हे आकडे ब्रिटनला नियमित देत राहिला. ३ जून १९४४ रोजी मेयो परगण्यातल्या ब्लॅकसॉडहून मॉरीन फ्लेव्हिन यांनी नोंदवलेला वायुदाब वेगाने उतरत होता. इंग्लंडहून फोन आला, पुन्हा तपासून सांगा. आकडा तोच निघाला. ५ जूनची नॉर्मंडीची चढाई एक दिवस पुढे गेली. वर्गात मुलांना हे सांगताना एक गोष्ट जरूर दाखवा. असा एकटा आकडा निरुपयोगी असतो. ठरलेल्या तासाला, तपासलेल्या दाबमापकावर घेतलेला, समुद्रसपाटीला आणलेला आणि वर्षानुवर्षं न चुकता पाठवलेला असेल तरच त्यावर कोणी लाखभर माणसांचा निर्णय घेतो.

प्रश्न : वळिवड्याच्या पोलिश छावणीला अशी मदत म्हणता येईल का? (गांधीनगर)

कोल्हापूर संस्थान तटस्थ नव्हतं, ब्रिटिश सार्वभौमत्वाखाली होतं, त्यामुळे शब्दशः नाही. पण मदतीचा प्रकार तोच. १९४१ मध्ये रशियाने पोलिश कैद्यांना सोडलं, १९४२ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास पोलिश लोक इराणमार्गे बाहेर पडले. पुरुष सैन्यात गेले, बायका-मुलं आणि म्हातारी माणसं कुठे ठेवायची हा प्रश्न उरला. वळिवड्यात १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार लोक राहिले. इटलीत लढणाऱ्या माणसाला आपली पोरं कोल्हापूरजवळ शाळेत जातात हे ठाऊक असणं, ही रसदच आहे.

स्वीडनने नॉर्वेच्या निर्वासितांना ठेवून घेतलंच, शिवाय त्यांतल्या हजारो तरुणांना ‘पोलीस’ या नावाखाली लष्करी शिक्षण दिलं. छावणीचं गणित मात्र आधी पाण्याचं करावं. माणशी दिवसाला ४० लिटर धरले तर पाच हजारांना रोज दोन लाख लिटर. त्यासाठी नदी, आणि धान्यासाठी रेल्वे स्टेशन जवळ हवं. वळिवड्याला दोन्ही होतं.

प्रश्न : स्वीडन आणि फिनलंड आता नाटोत गेले. त्यांनी बरोबर नेमकं काय नेलं? (निवृत्त रेल्वे कर्मचारी, मिरज)

फिनलंड ४ एप्रिल २०२३ ला, स्वीडन ७ मार्च २०२४ ला. फिनलंडने रशियाशी असलेली सुमारे १,३४० किलोमीटरची सीमा नेली, म्हणजे ओझंही नेलं. पण त्याबरोबर युद्धकाळात उभी राहणारी २ लाख ८० हजारांची फौज आणि मोठा तोफखाना. स्वीडनने पाणबुड्या, स्वतःचा विमानउद्योग आणि बाल्टिकच्या मधोमध असलेलं गोटलंड बेट.

तुमच्या कामाचा मुद्दा रुळांचा. स्वीडनचा गेज १,४३५ मिलिमीटर, फिनलंडचा १,५२४. मिरज जंक्शनात एकेकाळी तिन्ही गेज होते आणि माल एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत कसा चढवत होते, ते तुम्ही पाहिलेलं. स्वीडन-फिनलंडच्या हापारांडा-टोर्निओ सीमेवर आजही तीच कथा. नॉर्वेच्या बंदरातून फिनलंडला रणगाडे न्यायचे तर तिथे उतरवून पुन्हा चढवायचे, आणि तिथला धक्का, क्रेन, वळणमार्ग यांची क्षमता हीच सगळ्या मदतीची मर्यादा. नकाशावर लाल बाण काढणारे इथेच फसतात.

हे दोघे तयार होते कारण १९९४ पासून ते नाटोबरोबर कवायती करत होते आणि गोळ्याचा व्यास, वायरलेस, इंधनाच्या जोडण्या जुळवत आले होते. उलटं उदाहरण १९४० च्या बेल्जियमचं. तटस्थता मोडेल म्हणून त्यांनी फ्रेंच-ब्रिटिशांशी उघड बोलणी टाळली, हद्दीत आगाऊ येऊ दिलं नाही. १० मे रोजी हल्ला झाल्यावर फ्रेंच तुकड्या जांब्लूच्या मोकळ्या पट्ट्यात पोचल्या तर तिथली रणगाडाविरोधी तटबंदी त्यांना वाटली होती तशी तयार नव्हती. बेल्जियमची फौज लहान नव्हती. तयारीचे दिवस गेले होते.

प्रश्न : नुसता माल विकला आणि वापरावर अट घातली, तर? (निर्यातदार, इचलकरंजी)

तर घेणारा पुढच्या वेळी दुसरीकडे जातो. स्वित्झर्लंडने विकलेली शस्त्रं त्यांच्या परवानगीशिवाय तिसऱ्याला देता येत नाहीत. जर्मनीकडे गेपार्ड विमानविरोधी तोफेच्या स्विस बनावटीच्या सुमारे १२,४०० गोळ्या होत्या. त्या युक्रेनला द्यायला स्विस सरकारने नकार दिला. जर्मनीने मग उंटरल्यूस इथे आपली उत्पादनलाइन उभी केली. कायद्याच्या जागी स्वित्झर्लंड बरोबर होतं, पण गिऱ्हाईक गेलं. निर्यातीच्या करारात अंतिम वापराची अट आधी वाचायची, ही सवय तुम्हाला आहेच.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात अभिरूप युद्धखेळ आहे. आम्हाला ५० लाख लोकवस्तीचा, एक खोल बंदर, एक विमानतळ, ६० व्यापारी जहाजं, टंगस्टनची खाण आणि २० हजार फौज असलेला काल्पनिक तटस्थ देश मिळाला आहे. काळ १९४३ चा. आघाडीपुढे प्रस्ताव कसा मांडावा? (विद्यार्थी गट, शिवाजी विद्यापीठ परिसर)

फौजेचा आकडा पहिल्या पानावर टाकू नका. पहिल्या पानावर तुमचं ओझं लिहा, कारण समोरचा तेच आधी मोजणार आहे. आज तुम्ही दोन्ही बाजूंशी व्यापार करता. आघाडीत आल्यावर शत्रूकडचा कोळसा आणि धान्य बंद. समजा देश सगळं धान्य आयात करतो. माणशी ४०० ग्रॅम धरलं तर रोज २ हजार टन, वर्षाला ७ लाख ३० हजार. लिबर्टी जहाज (अमेरिकेने युद्धकाळात घाऊक बांधलेलं मालवाहू जहाज) साधारण १० हजार टन नेतं, म्हणजे ७३ भरलेल्या खेपा नुसत्या तुमच्या पोटासाठी. तुमची ६० जहाजं आघाडीला देताना यातली किती तुमच्याच धान्याला लागणार, हे वजा करूनच आकडा सांगा. निम्मं धान्य देशात पिकतं असं नियमात असेल तर तेही दाखवा, तो तुमचा सर्वांत मोठा जमेचा मुद्दा ठरेल.

जहाजांची यादी नावावर नको, प्रकारावर करा. तेलवाहू किती, शीतकोठीची किती, वेग किती, कोळशावर चालणारी की तेलावर. आठ नॉटच्या खाली चालणारं जहाज ताफ्याला ओझं होतं. ते किनाऱ्याकिनाऱ्याच्या कामाला ठेवा.

बंदराची खोली मीटरमध्ये द्या. लिबर्टी जहाज पूर्ण भरल्यावर साडेआठ मीटर पाणी मागतं, ओहोटीला तुमच्या धक्क्याला किती असतं? मग उतरवण्याचा वेग. पाच कोठ्या, प्रत्येकीवर एक टोळी, ताशी १२ टन, दिवसाला १६ तास काम, म्हणजे ९६० टन. एक जहाज रिकामं करायला दहा-अकरा दिवस. दोन धक्के असतील तर रोज जवळजवळ १,९०० टन माल बंदराबाहेर निघाला पाहिजे, म्हणजे ५०० टनांच्या चार मालगाड्या. रेल्वे दोनच सोडू शकत असेल तर गोदामं आठवड्यात तुंबतील आणि जहाजं बाहेर नांगर टाकून पाणबुडीची वाट बघत बसतील. खेळात परीक्षक हाच प्रश्न विचारतील, उत्तर तयार ठेवा. हमालांच्या दुसऱ्या पाळीची सोय, दिवे झाकण्याची सोय, सगळं लिहा.

टंगस्टनबाबत ‘आम्ही तुम्हाला विकू’ यापेक्षा ‘त्यांना विकणार नाही’ याची किंमत जास्त आहे. पण ती किंमत एकदाच वसूल होते. म्हणून निर्यातबंदी आधी उधळू नका. दर तीन महिन्यांनी शत्रूचा वाटा कमी करत न्या आणि प्रत्येक कपातीबरोबर काहीतरी घ्या. कोळसा, विमानविरोधी तोफा, लढाऊ विमानं.

विमानतळ द्यायचा तर लांबी, पृष्ठभाग, इंधनाच्या टाक्या आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे किती दिवसांत. बोलणी उघड झाल्याच्या दिवसापासून मित्रफौज उतरेपर्यंत तुम्ही एकटे असता. तो काळ किती दिवसांचा हे तुमच्या २० हजार फौजेने ठरवायचं. तिचं काम एवढंच की धावपट्टी, खाण आणि बंदराचं तोंड तेवढे दिवस धरायचं. शक्य असेल तर मित्रांच्या दहा-बारा अधिकाऱ्यांना साध्या कपड्यांत आधी बोलवून बोगदे, पुलांची क्षमता आणि टेलिफोनच्या तारा मोजून घ्या. बेल्जियमने हे टाळलं होतं.

काय राखून ठेवायचं तेही ठरवा. वकिलाती चालू ठेवणं, कैद्यांची अदलाबदल, रेड क्रॉसचा माल, ही कामं युद्ध पुकारल्याच्या क्षणी हातातून जातात. आघाडीला तुमच्या बंदरापेक्षा या खिडकीची गरज जास्त आहे असं दिसलं, तर युद्ध न पुकारता जागा आणि माल देण्याचा पोर्तुगालचा मार्ग सुचवा. त्यासाठी प्रस्तावाला जोडपत्र लावा. कोणती सवलत कोणत्या कराराच्या आधारावर, ती किती काळ, परकी फौज परत कधी जाणार, आणि तळावरच्या शेड, टाक्या, धावपट्टी नंतर कोणाच्या. सालाझार यांनी शेवटच्या दोन मुद्द्यांवर फार घासाघीस केली होती, तुमच्या गटातला सर्वांत चिवट बोलणारा तिथे बसवा.